फवारणी पंपाचा लिथियम पॅक: सेल, बीएमएस आणि चार्जर यांचं गणित

पाठीवरच्या बॅटरी पंपाबरोबर १२ व्होल्ट, ८ किंवा १२ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी येते. दुकानात तिला ‘ड्राय बॅटरी’ म्हणतात. आठची बॅटरी साधारण अडीच किलो भरते, आणि वर सोळा-वीस लिटर औषधाचं पाणी. हंगाम संपला की पंप माळ्यावर जातो, बॅटरी अर्धवट उतरलेली तशीच पडून राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि पुढच्या वर्षी दोन टाक्यांत ती मान टाकते. तिच्या जागी लिथियम फॉस्फेटचा पॅक बसवता येतो: ३२७०० मापाचे चार सेल, एक बीएमएस (सेलांवर नजर ठेवून गरज पडली की पॅक तोडणारा छोटा बोर्ड) आणि पॅकला साजेसा चार्जर. चार सेल मिळून सहाशे ग्रॅमच्या आत.

काम फार अवघड नाही. तरी असे पॅक वर्षभरात परत येतात, आणि तपासलं तर दोष बहुधा सेलचा नसतो, जुळणीचा किंवा चार्जरचा असतो. मुळाशी समज एकच: ‘बीएमएस बसवलाय ना, मग तो बघेल.’ तो काय बघतो आणि काय त्याच्या आवाक्याबाहेर आहे, हे आधी समजून घेतलं की पुढच्या पायऱ्या आपोआप पटतात.

चारच सेल का

लिथियम फॉस्फेटचा एक सेल नावाला ३.२ व्होल्टचा. पूर्ण चार्ज करताना तो ३.६५ व्होल्टपर्यंत न्यायचा, वापरताना २.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. चार सेल ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट, चार्जिंगला १४.६, तळाला १०. जुन्या बॅटरीच्या हे इतकं जवळ आहे की पंपाच्या मोटरला फरक कळत नाही.

लॅपटॉप किंवा ई-स्कूटरच्या पॅकमधून निघणारे १८६५० सेल वेगळ्या रसायनाचे असतात. ते ३.६-३.७ व्होल्टचे आणि ४.२ ला पूर्ण होतात. तीन जोडले तर शेवटी ९ व्होल्टपर्यंत घसरतात आणि फवाऱ्याचा दाब पडतो. चार जोडले तर १६.८ होतात आणि १२ व्होल्टची मोटर तापते. शिवाय बिघडले तर ते फॉस्फेटपेक्षा कमी तापमानाला आणि जास्त जोराने पेटतात. या कामासाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका. स्कूटरचा पॅक तर घरी उघडूच नका. २०२२ मधल्या आगींनंतर अशा पॅकसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक करावं लागलं, ते उगीच नाही.

३२७०० म्हणजे ३२ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर उंची. क्षमता साधारण ६ अँपिअर-तास. जुन्या बॅटरीवर ८ लिहिलेलं असतं, मग ६ चा पॅक कमी नाही का पडणार? शिसे-आम्ल बॅटरीचा आकडा वीस तासांत हळूहळू, म्हणजे सुमारे ०.४ अँपिअरने उतरवल्यावर मिळणारा असतो. पंप ३ अँपिअर ओढतो तेव्हा नव्या बॅटरीतूनही पाचेकच हाती लागतात. लिथियम फॉस्फेट ३ अँपिअरलाही जवळपास लिहिलेलं सगळं देतो. जास्त क्षेत्र असेल तर आठ सेल घ्या: दोन-दोनच्या समांतर जोड्या आणि अशा चार जोड्या ओळीत. बीएमएस तोच, चार सेलांचाच लागतो.

बीएमएसच्या पट्टीवर काय असतं

बोटभर लांबीच्या त्या हिरव्या-निळ्या बोर्डवर पाहायच्या गोष्टी चार. एक-दोन छोट्या चिप, त्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजतात. काळ्या चौकोनी मॉस्फेटांची रांग, ती म्हणजे स्विच. जाड, अगदी कमी ओहमचा रोध, ज्याच्यावरून करंट कळतो. आणि प्रत्येक सेलमागे एक बॅलन्सिंगचा, म्हणजे जास्त भरलेला सेल थोडा उतरवून बाकीच्यांच्या पातळीवर आणण्यासाठीचा रोध.

मॉस्फेट एकमेकांना पाठ लावून दोन गटांत बसवलेले असतात: एक गट डिस्चार्ज तोडतो, दुसरा चार्जिंग. एकच गट का पुरत नाही? बंद केलेल्या मॉस्फेटमधूनही उलट्या दिशेने करंट जाऊ शकतो, त्याच्या आत एक डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) जन्मतःच असतो. म्हणून दोन दिशांना दोन. याचा एक फायदाही आहे: पॅक उतरून डिस्चार्ज बंद झाला तरी त्याच डायोडमधून चार्जरचा करंट आत शिरतो आणि पॅक जागा होतो.

साधा बोर्ड चार प्रसंगी तोडतो. कुठलाही एक सेल ३.७५ च्या आसपास पोचला तर चार्जिंग बंद (बोर्डानुसार हा आकडा ३.६५ ते ३.९). कुठलाही एक सेल २ ते २.५ दरम्यान उतरला तर लोड बंद. करंट मर्यादेबाहेर गेला तर काही मिलिसेकंदांत बंद. सरळ शॉर्ट झाला तर त्याहूनही लवकर. तापमानाची काळी मणीवजा तार असेल तर पाचवा प्रसंग. स्वस्त बोर्डांवर ती नसते. ‘कुठलाही एक’ हे शब्द महत्त्वाचे. पॅकचा एकूण व्होल्टेज ठीक असला तरी एक सेल रेषेबाहेर गेला की सगळा पॅक बंद होतो, आणि तसंच व्हायला हवं.

घराच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, पण त्याच्या भरवशावर कुणी मोटर चालू सोडून झोपत नाही. बीएमएसचं कट-ऑफ तसंच आहे. रोजचं चार्जिंग चार्जरने १४.६ ला थांबवायचं. बीएमएस रोज तोडत असेल तर कुठेतरी चुकतंय.

बॅलन्सिंगकडून किती अपेक्षा ठेवायची

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ‘बॅलन्सवाला बीएमएस’ घेतला की जुने-नवे, कमी-जास्त भरलेले सेल तो एका पातळीवर आणेल असं वाटतं. आकडे मांडून बघू.

बोर्डवर बॅलन्सिंगचा रोध ६८ ओहमचा आहे. सेल ३.५५ व्होल्टच्या वर गेला की त्याच्यावर हा रोध लागतो आणि ३.५५ भागिले ६८, म्हणजे सुमारे ५२ मिलिअँपिअर करंट उष्णतेत जातो. एक सेल बाकीच्यांपेक्षा ३०० मिलिअँपिअर-तासांनी जास्त भरलेला असेल (सहाच्या सेलमध्ये हा फक्त पाच टक्के फरक), तर तो काढायला जवळजवळ सहा तास लागतील. आता हे बघा की लिथियम फॉस्फेटचा व्होल्टेज चार्जिंगच्या बहुतेक काळात ३.३ ते ३.४ मध्येच रेंगाळतो. २ अँपिअरच्या चार्जरवर ३.५५ च्या वरची वेळ येते ती अगदी शेवटची काही मिनिटं. त्या मिनिटांत ५२ मिलिअँपिअरने काय होणार? रोजच्या वापरात पडणारा किरकोळ फरक तो सावरतो, तेवढ्यासाठीच तो आहे. मुळातला फरक जोडण्याआधी हातानेच काढावा लागतो.

सामान

एकाच बॅचचे चार सेल. शक्य असेल तर सहा मागवा आणि त्यातले सर्वांत जुळणारे चार निवडा. चार सेलांचा, ‘लिथियम फॉस्फेट’साठीचा, २० अँपिअरचा बीएमएस. ‘४एस’ (म्हणजे ओळीत चार सेल) एवढंच बघून घेऊ नका, १६.८ व्होल्ट लिहिलेला बोर्ड दुसऱ्या रसायनाचा असतो आणि तो या सेलना ४.२ पर्यंत जाऊ देईल. पंप ३ अँपिअर ओढत असताना २० चा बोर्ड का? चालू होताना मोटर क्षणभर कित्येक पट ओढते, आणि १० चा बोर्ड ट्रिगर दाबला की मध्येच तोडतो.

निकेलची पट्टी ०.१५ मिलिमीटर जाड, ८ मिलिमीटर रुंद. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास निकेल म्हणून खपवतात. ओळखायची रीत सोपी: तुकडा कानशीने खरवडा आणि मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. तांबूस गंज आला तर लोखंड. फवारणीच्या ओलाव्यात ती एका हंगामात सडते.

बाकी: १.५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर, बॅलन्ससाठी बारीक पाच वायरी (बहुधा बोर्डाबरोबर येतात), १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज होल्डरसह, सेलच्या प्लस टोकावर बसवायच्या बार्ली पेपरच्या (वीज अडवणाऱ्या जाड कागदाच्या) चकत्या, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, मोठी पीव्हीसी हीट श्रिंक स्लीव्ह, आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर दोन दशांशापर्यंत खात्रीचा हवा. या कामात ३.३३ आणि ३.३८ यांत फरक आहे.

सेल निवडणं आणि एका पातळीवर आणणं

सेल हातात आल्यावर आधी व्होल्टेज लिहून घ्या. नवे सेल ३.२ ते ३.३ च्या दरम्यान येतात. २.५ च्या खाली आलेला बाजूला ठेवा. २ च्या खाली बरेच दिवस राहिलेला तर चार्ज करून बघूच नका, आतलं तांबं विरघळून पुन्हा भलत्या जागी बसलेलं असू शकतं आणि आतून शॉर्ट होतो. अंतर्गत रोध मोजायचं यंत्र असेल तर चारही सेलांत एक-दोन मिलिओहमपेक्षा जास्त फरक नको.

मग एकेक सेल पूर्ण भरायचा. बेंच पॉवर सप्लाय (व्होल्टेज आणि करंट हवा तसा ठरवता येणारा) ३.६५ व्होल्ट आणि २ अँपिअरवर लावा. ३.६५ हा आकडा सप्लायच्या पडद्यावरचा नाही, सेल जोडण्याआधी टोकांवर मल्टिमीटरने मोजलेला हवा. करंट घसरत ०.१ अँपिअरपर्यंत आला की सेल भरला. सप्लाय नसेल तर एका सेलचा ३.६५ व्होल्टचा चार्जर मिळतो. मोबाइलच्या बॅटरीसाठी मिळणारं ते निळं टीपी४०५६ मॉड्यूल मात्र वापरू नका, ते ४.२ ला थांबतं.

भरलेले सेल एक आठवडा तसेच ठेवा. ३.६५ वरून ते स्वतःच ३.३५-३.४० वर येऊन बसतात, त्याची काळजी नको. आठवड्याने जो इतरांपेक्षा २० मिलिव्होल्टहून जास्त खाली गेला, तो आतून गळतोय. असा एक सेल घेतला तर पॅक दर महिन्याला असंतुलित होणार आणि दोष बीएमएसच्या माथी जाणार. कंटाळून ही पायरी गाळणारे खूप आहेत. सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी आठवडा हाच.

जोडणी

बोटातली अंगठी, मनगटातलं कडं काढून ठेवा. हे चार सेल शॉर्ट झाले तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लाल होतो. काम प्लायवर किंवा रबरी चटईवर करा, पत्र्याच्या टेबलावर नको.

प्लस टोकाभोवतीची सेलची कड ही मायनसच असते, मध्ये फक्त पातळ प्लास्टिक असतं. पट्टी त्या कडेवर घासली की शॉर्ट. म्हणून आधी प्रत्येक प्लसवर बार्ली पेपरची चकती, मग पट्टी. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावा, प्रत्येक जोडावर कमीत कमी चार टिपके. ओढून बघा: पट्टी फाटली पाहिजे, टिपका सुटता कामा नये. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका; सोल्डरिंग आयर्न काही सेकंद जास्त टेकलं की आतला सेपरेटर (प्लस-मायनस वेगळे ठेवणारा पातळ पडदा) आणि सील जातो. वेल्डर नसेल तर टोकाला स्क्रू असलेले किंवा आधीच पट्टी वेल्ड केलेले सेल घ्या. डाग द्यायचाच तर तो पट्टीच्या मोकळ्या टोकावर, सेलवर बसवण्याआधी.

बोर्डवर नावं असतात: बी मायनस, बी१, बी२, बी३, बी प्लस आणि पी मायनस. पहिल्या सेलचा मायनस तो बी मायनस. पहिल्याचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस जिथे भेटतात तो बी१, पुढे तसंच, आणि चौथ्याचा प्लस तो बी प्लस. पी मायनस म्हणजे बोर्डमधून बाहेर जाणारा मायनस. क्रम असा पाळा:

१. बी मायनसची जाड वायर आधी. 
२. बॅलन्सच्या वायरी सेलांवर लावा, पण कनेक्टर बोर्डात खोचू नका. 
३. मल्टिमीटरची काळी टोकणी बी मायनसवर ठेवून कनेक्टरच्या एकेका पिनवर लाल टोकणी लावा. साधारण ३.३, ६.६, ९.९, १३.२ असं चढत गेलं पाहिजे. एखादा आकडा उलटा, मधूनच गायब किंवा दुप्पट आला तर वायरींची अदलाबदल झाली आहे. 
४. सगळं बरोबर असेल तरच कनेक्टर खोचा. 
५. पंपाची काळी वायर आणि चार्जरची काळी वायर, दोन्ही पी मायनसला. लाल वायर फ्यूजमधून बी प्लसला. फ्यूज सेलच्या जितका जवळ तितका चांगला.

तिसरी पायरी गाळून कनेक्टर खोचला आणि दोन वायरी उलट असल्या तर चिपमधून धूर निघतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच निघत नाही आणि बोर्ड अर्धा मेलेला राहतो. काढताना क्रम उलटा: आधी कनेक्टर, शेवटी बी मायनस.

पाचव्या पायरीत एक चूक फार वेळा दिसते. स्विच मायनसच्या बाजूला असतात, त्यामुळे चार्जरची काळी वायर चुकून बी मायनसवर लागली की चार्जिंग होतं, पंप चालतो, सगळं छान दिसतं. पण चार्जिंगच्या वाटेवर बीएमएस नाहीच. पॅक फुगल्यावर कळतं. पंपाच्या खोक्यातली चार्जिंगची गोल सॉकेट कुठे जाते ते वायर धरून तपासा. चार्जिंगसाठी वेगळं सी मायनस असलेले बोर्डही येतात. त्यात पंप पी मायनसला आणि चार्जर सी मायनसला.

जोडल्यावर पी मायनस आणि बी प्लसमध्ये शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले तर घाबरू नका. काही बोर्ड पहिल्यांदा बंदच असतात, चार्जर क्षणभर लावला की उघडतात.

पॅकला स्लीव्ह घालण्याआधी बोर्ड आणि सेल यांच्यात बार्ली पेपर ठेवा. पंपाच्या तळाच्या कप्प्यात औषधाचं पाणी झिरपतंच, म्हणून वायरी खालून बाहेर काढा आणि बोर्ड वरच्या बाजूला ठेवा. वायरींच्या तोंडाला सिलिकॉन भरायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, ते तांबं खातं. न्यूट्रल प्रकारचं मागा.

चार्जर

पंपाबरोबर आलेला चार्जर शिसे-आम्लाचा. काहींचा व्होल्टेज १४.४ च्या आसपास असतो आणि वरवर पाहता चालून जातो. काही चार्जर मध्येच सल्फेट फोडण्यासाठी १५ च्या वर उडी मारतात. काही पूर्ण झाल्यावरही १३.८ चालू ठेवतात. नवा घ्या: १४.६ व्होल्ट, २ अँपिअर, स्थिर करंट मग स्थिर व्होल्टेज देणारा. रिकाम्या टोकांवर मोजून १४.५ ते १४.७ मध्ये आला तर ठेवा, नाहीतर परत करा. २ अँपिअरने ६ चा पॅक सव्वातीन-साडेतीन तासांत भरतो. जुन्या चार्जरची पिन कापून टाका. घरात दोन सारख्या पिनांचे चार्जर असले की कधीतरी चुकीचा लागतोच.

चार्जिंग सावलीत आणि सेल थंड असताना. सेलचं तापमान ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करायचं नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हवाच तेवढी असते. रात्री लावा. पण उशाशी किंवा गवताच्या गंजीजवळ लावू नका. शून्याखाली चार्जिंगही वर्ज्य, कारण लिथियम धातूच्या रूपात साचतं. आपल्याकडे ती वेळ क्वचित येते.

पहिली चाचणी

पॅक भरून घ्या आणि एक तास थांबा. मग मोटारसायकलचा किंवा गाडीचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब लावा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. नेमका किती ते मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून एकदा मोजा आणि घड्याळ लावा. १ तास १५ ते २० मिनिटांनी बीएमएसने स्वतः बल्ब बंद केला तर क्षमता सहाच्या घरात आहे. पाऊण तासात बंद झाला तर लगेच चारही सेल मोजा: सगळे सारखेच खाली असतील तर सेलवर छापलेला आकडा खोटा, एकच खाली असेल तर तो दुबळा.

बल्ब चालू असतानाच बी मायनस आणि पी मायनस यांच्यात व्होल्टेज मोजा. काही दशक मिलिव्होल्ट, समजा ५०, ठीक. ३०० दिसले तर बोर्ड किंवा डाग कच्चा आहे आणि तिथे उष्णता होतेय. ही चाचणी जवळ बसून करायची, आणि ती वर्षातून एकदा पुन्हा करावी. मॉस्फेट जळतो तेव्हा बहुधा कायमचा जोडलेल्या अवस्थेत जातो. पंप नेहमीसारखा चालतो, संरक्षण मात्र गेलेलं असतं. बल्ब वेळेवर बंद झाला नाही, एखादा सेल २ व्होल्टच्या खाली चालला, तर हाताने तोडा आणि बोर्ड बदला.

पंपावरच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. ते शिसे-आम्लाच्या व्होल्टेजवर बेतलेले असतात. लिथियम फॉस्फेट पाऊण पॅक संपेपर्यंत १३ च्या आसपासच राहतो, त्यामुळे सगळे दिवे शेवटपर्यंत पेटलेले दिसतात आणि मग काही मिनिटांत पंप बंद. टाक्या मोजा. नोझल मिनिटाला २ लिटर टाकत असेल तर २० लिटरला १० मिनिटं. ३ अँपिअरने अर्धा अँपिअर-तास गेला. म्हणजे हिशेबाने बारा टाक्या, भरवशाच्या दहा.

बंद पडला तर

आधी दोन ठिकाणी मोजा: सेलांच्या दोन टोकांवर आणि बाहेरच्या वायरीवर. आत १३ आणि बाहेर शून्य असेल तर फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल तर बीएमएसने तोडलंय, आणि मग प्रत्येक सेल वेगळा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘दहा मिनिटांत चार्जर हिरवा होतो, पण पंप अर्धा तासच चालतो.’ ही तक्रार सगळ्यात जास्त येते. चार्जर लावलेला असताना, हिरवा होण्याच्या क्षणी मोजा. समजा ३.७५, ३.३८, ३.३८, ३.३८ दिसले. बेरीज १३.८९. पहिला सेल काठोकाठ भरला, बीएमएसने तोडलं, करंट शून्य झाला म्हणून चार्जरने ‘फुल’ समजून हिरवा दिवा लावला. तीन सेल अजून भरायचेच आहेत. उपाय: वर गेलेल्या सेलवर ३.३ ओहम, ५ वॉटचा रोध लावा. सुमारे १ अँपिअर जाईल, वीस मिनिटांत ३०० मिलिअँपिअर-तास कमी होतील. रोध चटका बसेल इतका तापतो, सिरॅमिक किंवा फरशीवर ठेवा. मग पुन्हा चार्ज करून मोजा. दोन-तीन फेऱ्यांत चारही सेल ३.६ च्या वर एकत्र पोचायला लागतात. महिन्याभरात तोच फरक परत आला तर सेल गळतोय, बदला. बदलताना नवा सेल बाकीच्या तिघांच्या क्षमतेच्या जवळचा हवा.

एकच सेल २.१ आणि बाकीचे ३.२: तो सेल थकला आहे किंवा त्याच्या बॅलन्सच्या रोधाचा स्विच अडकून सतत करंट खातोय. कनेक्टर काढा, सेल ३.३ पर्यंत भरा, चार दिवस तसाच ठेवा. टिकला तर दोष बोर्डाचा, घसरला तर सेलचा.

सगळेच सेल २.५ च्या खाली आणि चार्जर लावूनही काही होत नाही: अनेक चार्जर टोकांवर बॅटरीचा व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरू होत नाहीत आणि बीएमएसने तो लपवलेला असतो. बेंच सप्लाय १३ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरवर लावून पी मायनस-बी प्लसमधून पंधरा-वीस मिनिटं द्या, मग नेहमीचा चार्जर. बी मायनस आणि पी मायनस वायरने जोडून पॅक जागा करायची युक्ती प्रसिद्ध आहे, पण तेव्हा संरक्षण पूर्ण बाजूला पडतं. सवय लावून घेऊ नका.

ट्रिगर दाबल्यावर क्षणात बंद, सोडल्यावर परत चालू: करंट जास्त. पंपाचा डायफ्रॅम किंवा नोझल तुंबलेला आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हंगामानंतर

पॅक अर्धा भरलेला, सेल ३.३ च्या आसपास, आणि पंपापासून सुटा करून ठेवा. साधा बोर्ड स्वतः काही दशक मायक्रोअँपिअर खातो. ५० धरले तर महिन्याला ३६ मिलिअँपिअर-तास, म्हणजे काहीच नाही. मोबाइलवर आकडे दाखवणारा ब्लूटूथचा बीएमएस मात्र १० मिलिअँपिअर खात असेल तर महिन्याला ७.२ अँपिअर-तास होतात, आणि तुमचा पॅकच ६ चा आहे. एवढ्याशा पॅकला तसला बोर्ड लावायची हौस करू नका, आणि आधीच लावला असेल तर हंगामानंतर बॅलन्स कनेक्टर काढून ठेवा.

दोन पॅक ओळीत जोडून २४ व्होल्ट करायचे असतील तर आधी बोर्डाची मर्यादा बघा. एका पॅकने तोडलं की दोन्हींचा व्होल्टेज त्याच्याच मॉस्फेटवर येतो आणि चार सेलांसाठीचे स्वस्त बोर्ड तिथे फुटतात. थेट आठ सेलांचा एकच बीएमएस घेणं बरं.

फुगलेला, गळलेला किंवा गोड-उग्र वास येणारा सेल पुन्हा चार्ज करायचा नाही. टोकांवर टेप लावून वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा. भंगारवाल्याकडे तो हातोड्याखाली जाईल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा विक्रेत्यालाच त्याचं संकलन केंद्र विचारा.